मांगरातली कॅसेट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या ध्वनिमुद्रणाबद्दल मी बोलणार आहे, ते तुम्ही कधी ऐकलेलं नाही. ऐकायला मिळालं तर दोन मिनिटांत रेडिओ बंद कराल, याचीही मला खात्री आहे. माझ्या आजीने तर दोन मिनिटंसुद्धा वाट पाहिली नव्हती. मांगराच्या दारात उभी राहून तिने आमच्या गायकाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ह्येच्या अंगात इला काय रे?"

ही गोष्ट २००४ च्या मे महिन्यातली, मालवणजवळच्या आमच्या गावातली. आम्ही चौघे जण. तिघे इथलेच आणि एक डोंबिवलीचा मित्र. आमचा एक 'मेटल बँड' होता. बँड म्हटलं की आपल्याकडे लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो, म्हणून आधी थोडं समजावून सांगायला हवं.

इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथला टोनी आयोमी हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल सोडल्या, आणि त्यातून एक जड, खर्जातला नाद निघाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली रेकॉर्ड १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात मुद्रित झाली. पुढे वर्षभरात काय होणार आहे याची त्या चौघा पोरांना कल्पनाही नसेल. त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न २०२५ च्या जुलैत गेला, तेव्हा आपल्याकडेही बातम्या आल्या होत्या.

हे झालं मूळ. त्यातून पुढे आणखी वेगाची, आणखी कर्कश शाखा फुटली, तिला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. या शाखेची गंमत अशी, की तिची आद्य ध्वनिमुद्रणं जवळजवळ सगळी नवख्यांची आहेत. न्यूकॅसलच्या 'व्हेनम' या बँडने १९८१ मध्ये तीन दिवसांत गाणी मुद्रित केली ती नमुना म्हणून. कंपनीने तीच तशीच बाजारात आणली. स्वीडनच्या 'बाथरी'ची १९८४ ची पहिली रेकॉर्ड स्टॉकहोममधल्या एका गॅरेजमध्ये झाली. आणि मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ब्राझीलचं 'सेपुल्तुरा'. बेलो होरिझोन्ते हे त्यांचं गाव लोखंडाच्या खाणींच्या मुलखातलं, आपल्या रेडीसारखं म्हणा. १९८५ मध्ये त्यांनी दोन दिवसांत पहिली रेकॉर्ड केली, तेव्हा गाणारा मॅक्स कॅव्हलेरा सोळा वर्षांचा होता आणि ड्रम वाजवणारा त्याचा भाऊ इगोर पंधराचाही नव्हता. इंग्रजी यथातथा, पण गाणी इंग्रजीतच हवीत हा हट्ट. पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डमध्ये तर गिटारी नीट सुरात लावलेल्याच नाहीत. हे त्यांनी पुढे स्वतःच हसत सांगितलं आहे.

हे सगळं मला कळलं मुंबईत. कॉलेजसाठी मी परळला काकांच्या खोलीवर राहत होतो. धोबीतलावला रंगभवनचं खुलं नाट्यगृह होतं. तिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव भरायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले असे कार्यक्रम थांबले. अलाहाबादहून, हो, अलाहाबादहूनच, १९९३ पासून 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं मासिक निघत होतं, त्याचे जुने अंक आम्ही रद्दीवाल्याकडून आणायचो. आणि २००० साली मुंबईच्या साहिल मखिजा या तरुणाने 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा बँड काढून त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' नावाची पहिली रेकॉर्ड केली होती. मित्राने सीडीवर उतरवून दिलेली ती गाणी मी ऐकली. कच्ची होती. पण परदेशातल्या मोठमोठ्या रेकॉर्डी ऐकून मला जे कधी वाटलं नव्हतं ते ही ऐकून वाटलं: अरे, हे आपल्यालाही करता येईल. याच मखिजाने पुढे २००५, २०१०, २०१४ अशा रेकॉर्डी केल्या, नॉर्वे-जर्मनीच्या महोत्सवांत वाजवलं. आता तो 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. राक्षसाच्या आवाजात गाणारा माणूस पनीर कसं परतावं ते सांगतो तेव्हा मजा वाटते.

तर आम्हीही ठरवलं, मे महिन्यात गावी जाऊन मुद्रण करायचं. मुंबईत स्टुडिओचे तासाचे पैसे परवडणारे नव्हते, गावी मांगर फुकट होता.

ड्रम वाजवणारा मित्र गावातलाच. त्याचे वडील दशावतारात मृदंगावर. चाळीसेक वर्षं त्यांनी रात्र रात्र वाजवून काढली होती, दिवाळीपासून मिरगापर्यंत आज ह्या देवळात तर उद्या त्या. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ड्रमसेट आणला तो मालवणच्या एका बेंजो पार्टीचा. मेटलमध्ये पायाचे ढोल दोन लागतात किंवा एकाला दोन पेडल. आमच्याकडे एक ढोल, एक पेडल आणि एक पाय. तिसऱ्या गाण्यापर्यंत मित्राच्या पोटरीत गोळा यायचा. गावात नाटकांना आणि गणपतीला साउंड पुरवणारे एक भाऊ होते, त्यांनी आठ चॅनलचा मिक्सर, तीन माइक आणि एक कॅसेट डेक दिला. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "आधी वाजवन् दाखवा, मगे बगूया."

मांगर म्हणजे आमचं गवत, लाकूडफाटा, नारळ ठेवायचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. एका बाजूला गवताचे भारे छतापर्यंत रचलेले. त्या गवताने आम्हाला वाचवलं. उघड्या खोलीत ड्रमचा आवाज भिंतींवर आपटून घुमतो, इथे तो गवतात मुरत होता. हे आम्हाला माहीत होतं म्हणून तिथे बसलो असं मी सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं कारण, आजीने घरात घेतलं नाही.

पहिल्या रात्री काहीच झालं नाही. डेक सुरू केला की नुसती घूं अशी गुरगुर. गिटार बंद केली तरी गुरगुर. आम्ही वायरी बदलल्या, माइक बदलले, एकमेकांवर चिडलो. दुसऱ्या दिवशी गावचा वायरमन आला, त्याने मीटरखालचा अर्थिंगचा खड्डा पाहिला. मे महिन्यात जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत, अर्थिंग मिळणार कुठून? त्याने मीठ घालून दोन कळश्या पाणी ओतायला लावलं. गुरगुर पूर्ण गेली नाही, पण निम्म्यावर आली. मग तीन दिवस संध्याकाळी आमचं पहिलं काम ते: तुळशीला पाणी आजी घालायची आणि अर्थिंगला मी.

गिटारी कशावर लावायच्या हाही प्रश्नच होता. सूर दाखवणारं यंत्र डोंबिवलीकर मित्र आणणार होता, ते घरी विसरला. शेवटी आबांच्या कंपनीतली पायपेटी होती, तिच्यावरून लावल्या. पेटी जुनी, तिचे सूर जरा चढलेले. त्यामुळे आमची चारही गाणी जगातल्या कुठल्याच प्रमाण सुरात बसत नाहीत. आपसांत मात्र जुळतात. सेपुल्तुराच्या पोरांपेक्षा आम्ही तेवढे पुढे होतो म्हणायचं.

आता गाण्यांबद्दल खरं सांगायला हवं. चारातली तीन इंग्रजीत होती. बर्फाचे डोंगर, लांडगे, हिवाळ्यातली थडगी. आम्ही बर्फ पाहिलेला तो फक्त मासळीच्या पेट्यांत. नॉर्वेच्या पोरांनी त्यांच्या अंगणातलं लिहिलं होतं, आम्ही त्यांच्या अंगणातलं उसनं आणलं होतं. आज ती तीन गाणी ऐकताना मला कानकोंडं होतं. चौथं मात्र मालवणीत होतं, तेही नाइलाजाने, कारण इंग्रजी संपलं होतं. गाणारा मित्र देवबागचा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात समुद्र ती पट्टी खातो. त्याच्या आजोबांनी लावलेले माड त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. त्याने ते लिहिलं, कसलीही उपमा न देता, कुठला माड कुठल्या पावसाळ्यात गेला तेवढंच. आणि ते जनावरासारख्या आवाजात ओरडलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, या गाण्याला हा आवाज लागतोच.

त्या आवाजाचंही एक शास्त्र आहे. मूळ स्वरतंतूंच्या वर दोन घड्या असतात, खोटे स्वरतंतू म्हणतात त्यांना. त्या थरथरवून, पोटातून वारा देऊन हा घोगरा नाद काढतात. नीट शिकलं तर तास तास काढता येतो. आमच्या मित्राला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो गळा आवळून ओरडायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला, आजीने आल्याचा रस आणि मध दिला. एरवी नावं ठेवणारी आजी त्याच्यासाठी पाट्यावर आलं ठेचत बसली होती. आबांनी एकदा त्याला सांगितलं, की दशावतारात राक्षसाची आरोळी ठोकणारा नट गळ्याने ओरडत नाही, बेंबीपासून ओरडतो. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत त्याला आवाज पुरवायचा असतो. मित्राने मान हलवली आणि पुन्हा गळ्यानेच ओरडला. त्या वयात कोण ऐकतं?

शेवटच्या रात्री सगळं जमून आलं. साउंडवाल्या भाऊंनी मिक्सरपुढे नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घातलं, आणि अंगात काळे शर्ट, छातीवर कवट्या असे आम्ही चौघे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत उभे. मुद्रण एकाच दमात होणार होतं. आवाज मिक्सरमधून थेट कॅसेटवर, नंतर काही वाढवता-घटवता येणार नाही. चुकलं तर गाणं पहिल्यापासून.

आबा खळ्याच्या कडेला विडी ओढत बसले होते. आमच्या संगीताबद्दल ते चांगलं-वाईट काहीच बोलले नव्हते. फक्त एक गोष्ट त्यांना खटकत होती. मेटलमध्ये 'ब्लास्ट बीट' म्हणून प्रकार असतो, हात आणि पाय मिळून घावांची नुसती सर लागते. आमचा मित्र त्यात शिरला की लय पळायची. गाणं सुरू एका गतीने व्हायचं आणि संपायचं भलत्याच. आम्हाला तो जोश वाटायचा. आबा मुलाला म्हणाले, "युद्धाच्या वेळाक लय वाढता, पण ती आपण वाढवची लागता. ती आपली आपण वाढली तर नाचणारो पडता."

देवबागच्या गाण्याला सुरुवात केली आणि मधेच वळीव आला. कौलांवर पाऊस तडतडायला लागला, तो कॅसेटवर आहे. आम्ही थांबलो नाही. ब्लास्ट बीट आला, लय पळायला लागली, आणि पावसातून आत आलेले आबा ड्रमवरच्या माइकशेजारी उभे राहून मुलाला म्हणाले, "हात मोकळो सोड, झिला. हात मोकळो सोड." गाणं संपल्यावर आम्ही चौघेही वैतागलो. सगळ्यांत चांगलं वाजलेलं गाणं, आणि त्यात हे. परत करू म्हणून सुरुवात केली आणि वीज गेली. ती सकाळपर्यंत आली नाही. डोंबिवलीकराला दुपारची गाडी होती. गाणं तसंच राहिलं.

आम्ही पन्नास कॅसेटी काढल्या. विकल्या गेल्या अकरा, त्यातल्या दोन साउंडवाल्या भाऊंनी घेतल्या, भाड्याऐवजी. एका मासिकाला एक पाठवली, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षापर्यंत बँड संपला. भांडण वगैरे काही नाही, नोकऱ्या. डोंबिवलीकर पुण्याला गेला. देवबागकर तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवतो. मी कुडाळात संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. आणि ड्रमवाला मित्र वडिलांच्या जागी मृदंगावर बसला. आबा २०११ मध्ये गेले.

पहिल्या रेकॉर्डींबद्दल बोलताना आपण नेहमी व्हेनम आणि सेपुल्तुराची नावं घेतो, कारण ते पुढे मोठे झाले. त्यांच्या चुकांनाही मग तेज चढतं. पण जगात अशा एकेका बँडमागे किती कॅसेटी माळ्यावर पडून असतील? कोकणात तर त्यांना बुरशी धरते. आमच्या उरलेल्या कॅसेटी मी २०२३ मध्ये बाहेर काढल्या तेव्हा फितीवर पांढरी जाळी होती. निमित्त असं झालं, की त्या वर्षी कॅव्हलेरा बंधूंनी आपल्या पहिल्या दोन्ही रेकॉर्डी नव्याने मुद्रित करून काढल्या. गाणी तीच, गिटारी सुरात, ड्रम पक्के. त्या ऐकून मला वाटलं, आपणही देवबागचं गाणं पुन्हा करावं. आता साधनं आहेत, हात तयार आहेत.

केलंही. तिघे जमलो, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. खोटं कशाला बोलू, नवं मुद्रण जुन्यापेक्षा चांगलं झालं. मित्राच्या हातातली लय दगडासारखी पक्की होती, वीस वर्षं मृदंग वाजवलेला हात तो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मी नाही. जुन्या कॅसेटवर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते आणि ते मी वाजवलेलं आहे. देवबागकराला मात्र शब्द बदलावे लागले. मधल्या काळात आणखी माड गेले होते, त्याने ते घातले.

मग जुनी कॅसेट साफ करायला घेतली. फीत हलक्या हाताने पुसून, एकदाच वाजवून संगणकावर उतरवली. हल्ली अशा प्रणाली आल्या आहेत की त्या एकत्र मुद्रित झालेले आवाज वेगळे करून देतात: गिटार एकीकडे, ड्रम एकीकडे, माणसाचा आवाज एकीकडे. मी ती चालवली. गायकाचा आवाज निघाला, आणि त्याच्याबरोबर आबांचा. पाऊस गेला, गुरगुर गेली, ढोल गेले, आणि माझ्या दुकानात आबा स्पष्ट म्हणाले, "हात मोकळो सोड, झिला."

चाळीस वर्षं ज्या माणसाने रात्ररात्र मृदंग वाजवला, त्याच्या वाजवण्याची एकही फीत नाही. दशावताराची संहिता लिहिलेली नसते, नट आयत्या वेळी बोलतात, पहाटेला सगळं संपतं. त्या काळी कोण टेप घेऊन बसणार? त्यांचा बोललेला आवाज जो काही शिल्लक आहे तो आमच्या फसलेल्या गाण्यातला, पाच सेकंदांचा.

मी मित्राला बोलावलं. आधी इकडच्या तिकडच्या गजाली झाल्या. मी त्याला सांगितलं, की डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' नावाची रेकॉर्ड काढली आहे, दहा अवतारांवर दहा गाणी. त्याने विचारलं, "तेच्यात संकासूर आसा?" मी म्हटलं, गाण्यांच्या नावांत तरी नाही. "मगे कसलो दशावतार?" म्हणाला. आमच्याकडे संकासूर आला नाही तर लहान पोरं जागी राहायची नाहीत, हे खरंच.

मग त्याला ती वेगळी काढलेली पाच सेकंदं ऐकवली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ढोलासकट लाव. मी मूळ गाणं लावलं. पाऊस, गुरगुर, पत्र्याची गिटार, सगळ्यासकट. टेबलावर त्याची बोटं चालत होती. आबांचं वाक्य आलं आणि गेलं. गाणं संपेपर्यंत बोटं थांबली नाहीत.

"लय पळता रे," तो म्हणाला. "परत लाव."